गणित सोडण्याचा अर्ज

माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत अगदी तळाला, फौजेतल्या डिस्चार्ज बुकाच्या खाली, एक कागद आहे. तो तिथं आहे हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही – बायकोलाही नाही, आणि तिला तर माझ्या बनियनची भोकंसुद्धा पाठ आहेत. आज तुम्हाला सांगतोय. का? खरं सांगू, मलाही नीट कळलेलं नाही. तुम्ही माझ्या गावचे नाही, धुळाला ओळखत नाही, कोमलला तर नाहीच. ज्यांना सांगायला पाहिजे त्यांच्यापुढं तोंड उघडलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय, एवढं धरून चाला.

पण कागदापासून सुरुवात करता येत नाही. सुरुवात माझ्या बढाईपासून करावी लागेल.

मी पलूस तालुक्यातला. कृष्णेकाठची काळी रानं, बारा महिने ऊस, आणि घरटी एक माणूस फौजेत. मीही गेलो. बावीस वर्षं लष्करी इस्पितळात काढली आणि हवालदार होऊन परत आलो. यातला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त इस्पितळात मी काय करत होतो, ते गावात कधी पुरतं सांगितलं नाही. मी स्टोअरला होतो. चादरी, ब्लँकेटं, मच्छरदाण्या, बेडपॅन. आलेलं लावून ठेवायचं, मागितलेलं द्यायचं, फाटलेलं बाजूला काढायचं. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत हजार वेळा गेलो असेन, धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन. दाराच्या आत एकदाही नाही.

गावानं मात्र मला आत नेऊन बसवलं. सुट्टीवर आलो की म्हातारी माणसं गोळ्यांची पाकिटं घेऊन यायची. मी चष्मा लावून नाव वाचायचो आणि म्हणायचो, बरोबर आहे, जेवल्यावर घ्या. जेवल्यावर घ्या म्हणायला काय शिक्षण लागतं? हळूहळू मी 'मिलिट्रीचा डॉक्टर' झालो – आधी थट्टेनं, मग खरंच. थट्टेला मी हसलो आणि खऱ्याला नाही म्हणालो नाही. कुणी विचारलं, तात्या, तुमी आपरेशन बघितलंय का ओ, तर मी नुसती मान हलवून लांब बघायचो. आपण लांब बघितलं की पुढचं लोक स्वतःच भरून घेतात.

यात कुणाचं काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होतो.

धुळा हा माणदेशातला मेंढपाळ. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माणच्या माळावर त्याचं घर. पावसाळाभर तो तिकडं असतो आणि दिवाळी झाली की मेंढरं घेऊन आमच्याकडं उतरतो. ऊस तुटून रान मोकळं झालं की त्यात मेंढरं बसवायची आमच्याकडं पद्धत आहे. चार-सहा दिवस कळप तिथंच मुक्कामाला असतो, मेंढरांना पाला मिळतो आणि रानाला लेंडीखत. धुळाचा बाप माझ्या बापाच्या रानात बसायचा, धुळा माझ्या रानात बसतो. कोमल, त्याची थोरली, रांगायला लागली ती माझ्याच बांधावर. मला पोर नाही. हे मी दया यावी म्हणून सांगत नाही. ती पोरगी माझ्या घरात कशी वावरायची ते कळावं म्हणून सांगतोय.

कोमल आश्रमशाळेत शिकली आणि दहावीला शाळेत पहिली आली. धुळा एसटीनं तिला घेऊन आमच्याकडं आला, पेढ्यांचा पुडा घेऊन. पोरीला डॉक्टर व्हायचं होतं. सांगलीच्या कॉलेजात अकरावी सायन्सला नंबर लागत होता, वसतिगृहही मिळत होतं. तिथं लागणारा स्थानिक पालक मीच, हे न बोलता ठरलं. राहिले विषय. धुळानं फॉर्म माझ्यापुढं ठेवला.

"आवं तात्या, तुमी दवाखान्यातलं मानूस. आमास्नी काय कळतंय त्यातलं? तुमी म्हनाल ती पूर्व दिशा."

भौतिक, रसायन, जीवशास्त्र हे ठरलेलंच होतं. चौथ्या जागी गणित घ्यायचं की भूगोल, एवढाच प्रश्न. कोमल हळूच म्हणाली की गणित तिला जरा जड जातं. आणि मला – मला माहीत नव्हतं. डॉक्टरकीच्या परीक्षेला गणित लागतं की नाही, याची मला तसूभरही कल्पना नव्हती. सांगलीत माझ्या ओळखीचे एक शिक्षक होते. एक फोन, दोन मिनिटं. पण धुळा माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होता ना – त्या नजरेसमोर खिशातून फोन काढून दुसऱ्याला विचारायचं?

मी लांब बघितलं. मग म्हणालो, डॉक्टरला डोस काढावा लागतो. आकडा चुकला की पेशंट गेला. गणिताशिवाय डॉक्टर कसला? ओट्यावर बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. इस्पितळात एक मोठे डॉक्टर एकदा कुणालातरी डोसावरून झापत होते, ते मी दाराबाहेरून ऐकलं होतं. माझं सगळं ज्ञान तेवढंच. फॉर्म मीच भरला, माझ्या अक्षरात. गणित.

इथवर ठीक आहे, नाही का? माणूस चुकतो, अडाणीपणानं चुकीचा सल्ला देतो. मी बरीच वर्षं स्वतःला इथंच थांबवत आलो. पण गोष्ट इथं थांबली नाही.

महिन्याभरानं, ऑगस्टातल्या एका रविवारी, कोमल सांगलीहून आली. हातात तो कागद होता. विषय बदलण्याचा अर्ज. त्यांच्या जीवशास्त्राच्या सरांनी वर्गात स्पष्ट सांगितलं होतं की ज्यांना फक्त मेडिकलला जायचंय त्यांना गणिताची गरज नाही. त्या परीक्षेला गणिताचा पेपरच नसतो. चार शास्त्रं एकदम ओढण्यापेक्षा गणित सोडा, भूगोल घ्या आणि तो वेळ बाकीच्या तिन्हींना द्या. शनिवारपर्यंत मुदत होती. पालकाची सही पाहिजे होती. पोरगी खुशीत होती. हसत म्हणाली, "भूगोल मला येतोय, तात्या. आमी त्यातच फिरतोय की."

मी सही करू शकत होतो. स्थानिक पालक म्हणून माझीच सही चालणार होती. पेन खिशाला होतं.

पण ओट्यावर दोन माणसं बसलेली होती. त्यातले एक सोसायटीचे सेक्रेटरी, बापूराव. त्यांना माझी डॉक्टरकी कधीच फारशी पटली नव्हती. ते गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, "मग तात्या, डॉक्टरला गणित लागतंय का न्हाई, एकदा काय ते ठरवा की."

बस. एवढंच. एका माणसाचं एक हसू.

मी कागदाची घडी घातली आणि म्हणालो, असल्या गोष्टीला बापाचा होकार पाहिजे, धुळाला विचारतो आणि कळवतो. कोमलनं मान हलवली. तिला ते रास्तच वाटलं. बायकोनं तिला भाकरी बांधून दिली आणि ती दुपारच्या गाडीनं गेली.

धुळाला मी फोन केला नाही. माळावर त्याला रेंज नसते, टेकाडावर चढलं की मिळते – असली कारणं आहेत, पण मी नंबर लावलाच नाही. चार दिवस तो कागद माझ्या कोपरीच्या खिशात होता. सही करायची म्हणजे गावासमोर कबूल करायचं की मला माहीत नव्हतं. आणि एक माहीत नव्हतं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार – मग तात्या, तुम्हाला माहीत तरी काय होतं?

गुरुवारी कोमलचा फोन आला. आणि मी जे बोललो ते – थांबा. इथवर शब्द सापडत होते.

मी म्हणालो, "तुजा बा नको म्हनतोय. लय भडकलाय. परत विषय काढला तर कॉलेजच बंद करीन म्हनला."

धुळानं यातलं काहीही म्हटलेलं नव्हतं. त्याला तर असला काही अर्ज असतो हेही ठाऊक नव्हतं. त्या बिचाऱ्यानं उभ्या आयुष्यात पोरीवर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. आणि ते शेवटचं वाक्य, कॉलेज बंद करण्याचं, ते मी का घातलं, ते मला तेव्हाही माहीत होतं आणि आताही आहे. तिनं बापाला स्वतः विचारू नये म्हणून. धनगराच्या घरातली पहिली शिकणारी पोर, तिला सगळ्यात मोठी भीती कुठली, हे तिला बांधावर रांगताना बघितलेल्या माणसाला कळणार नाही?

फोनवर ती एवढंच म्हणाली, "बरं, तात्या. तुमी माझ्यासाठी बोललासा, लय झालं."

शनिवार गेला. मुदत संपली. कागद ट्रंकेत गेला.

पुढची दोन वर्षं तिनं गणित ओढलं. सकाळी सहाला गणिताची शिकवणी, मग कॉलेज, मग संध्याकाळी बाकीचे विषय, जेवढे उरतील तेवढे. जड जाणारा विषय म्हणून सगळ्यात जास्त वेळ त्यालाच. नापास झाले तर अण्णा कॉलेज बंद करतील, असं ती वसतिगृहातल्या मैत्रिणींना सांगायची म्हणे. अण्णा म्हणजे धुळा. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडं यायची तेव्हा कळप रानात असायचा आणि ही बांधावर पोत्यावर बसून गणितं सोडवायची. ऊन चढलं की धुळा येऊन दोन काठ्या रोवायचा, आपलं घोंगडं त्यावर टाकून तिच्यापुरती सावली करायचा आणि गुमान परत मेंढरांकडं जायचा. ती मान वर करायची नाही. मी ओट्यावरून बघत असायचो. तेव्हा चार पावलं चालत गेलो असतो तर? बांध काही लांब नव्हता.

एकदा पालक म्हणून कॉलेजात जावं लागलं, तेव्हा त्या जीवशास्त्राच्या सरांनी मला विचारलं, "मुलगी हुशार आहे. तिच्यावर गणिताचं ओझं कशाला ठेवलंत?" मी म्हणालो, घरचे ऐकत नाहीत हो. आणि त्यांनी मला सहानुभूतीनं चहा पाजला. प्यालो की मी तो.

बारावीला तिला गणितात वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले. मेडिकलच्या त्या 'नीट' परीक्षेत मात्र थोडक्यात गेलं. सरकारी कॉलेजच्या यादीत नाव आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, गणित नसतं तरी गेलं असतं कदाचित. कोण सांगणार? हे मी स्वतःला इतक्या वेळा म्हटलंय की त्याचा गुळगुळीत दगड झालाय. पण तो आडोसा मला घेता येत नाही. कारण सगळ्यात वाईट गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. आत्ताही टाळत होतो, बघा.

निकालानंतर आठवड्याभरानं धुळा एकटाच आला. पाणी प्यायला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "म्या म्हनतोय, आजून येक वरीस बस. परत परीक्षा दे. आमाला कसली घाई हाय? पर पोरगी माज्याशी बोलतच न्हाई, तात्या. तुमचं ऐकती. तुमी सांगा तिला, बा म्हनतोय बस म्हनून."

म्हणजे बघा, दार उघडं होतं. तिला हवं होतं ते वर्ष बाप हातात घेऊन माझ्या ओट्यावर बसला होता. मी फक्त निरोप्या. पण तो निरोप मी दिला असता तर तिनं पहिलंच विचारलं असतं – कॉलेज बंद करतो म्हणणारा बाप आता वर्षभर बस कसा म्हणतो? आणि मग ती त्याच्याशी बोलली असती. दोघं बोलली असती म्हणजे मी संपलो असतो.

कोमलनं तोवर नर्सिंगचा फॉर्म भरला होता. बापाकडं आणखी एक वर्ष मागायची तिची छाती नव्हती – ती छाती मीच काढून घेतली होती. हे मला ठाऊक होतं. तरी मी धुळाला म्हणालो, तिला आता नर्सिंगच करायचंय. तिनंच ठरवलंय. तू मागं लागू नकोस, जास्तच बिथरेल.

आणि तिला मी काहीच सांगितलं नाही.

पहिलं खोटं दोन माणसांपुढं लाज गेली असती म्हणून बोललो. हे दुसरं बोलताना तिथं कुणी नव्हतं. कुणी हसत नव्हतं. सकाळची वेळ, डोकं शांत, आणि समोर माझ्यावर विश्वास टाकून बसलेला माणूस. हे मी विचार करून बोललो.

नर्सिंग कमी आहे असं मी कधी म्हणणार नाही. बावीस वर्षं बघितलंय, इस्पितळ कुणाच्या पायांवर उभं असतं ते. पण तिनं ते निवडलं नव्हतं. निवडायचं होतं ते तिच्या हातात एका रविवारी होतं, आणि मी त्याची घडी घातली.

आता ती सांगलीत एका दवाखान्यात नोकरीला आहे. सगळे चांगलं बोलतात तिच्याबद्दल. पहिल्यांदा युनिफॉर्मात आली तेव्हा पेढे आधी माझ्यापुढं केले. वाकून पाया पडली. म्हणाली, घरात तुमी एकटे माझ्या बाजूनं होतासा. धुळा अंगणात उभा होता, दोन हातांच्या अंतरावर. त्याच्यापुढं तिनं पुडा धरला – घ्या – आणि आत गेली. त्यानं पेढा कपाळाला लावला आणि खाल्ला. मी बघत होतो. माझ्या तोंडातला पेढा मीही गिळला.

आजही ती आली की माझा बीपी तपासते. पट्टा आवळते, कानांना नळी लावते, आकडा सांगते. गावातलं कुणी बसलेलं असलं तर ते म्हणतात, डाक्टरचाच बीपी बघायला लागली की पोरगी. ती हसते. तिला मी कोण वाटतो, हे मला माहीत आहे. मी कोण आहे, हेही माहीत आहे. दोन्ही मी इतकी वर्षं एकाच अंगावर वागवतोय आणि माझं वजनसुद्धा कमी झालेलं नाही.

कळप सध्या माझ्या रानात आहे. परवा कोमल येऊन गेली. जाताना तिनं बापाला विचारलं, जेवलासा का. त्यानं व्हय म्हटलं. दोघांत झालेलं बोलणं एवढंच. एसटी गेल्यावर धुळा माझ्याशेजारी येऊन बसला. केस पार पांढरे झालेत त्याचे. बराच वेळ काठीनं मातीत रेघा मारत राहिला.

मग म्हणाला, "तात्या, तुमी शिकल्यालं. येक इचारू? म्या तिचं काय वाईट केलं आसंल? लय आठवून बघितलं. घावत न्हाई."

ट्रंक आतल्या खोलीत होती. दहा पावलांवर. कागद बाहेर आणायला एक मिनिट लागलं नसतं.

मी लांब बघितलं. म्हणालो, काही नाही रे, शिकलेल्या पोरी अशाच असतात.

त्यानं थोडा विचार केला, मान हलवली. "तुमी म्हनता तर आसंल," म्हणाला, आणि काठी उचलून मेंढरांकडं गेला.